पिकअपला मोठी चाकं बसवल्यावर टायर घासतो: लिफ्ट घेण्याआधी काय बघावं

तुमची परिस्थिती मला कळली ती अशी. गाडीला मूळ २६५/६५ आर १७ टायर होते, साडेसात इंची रिमवर, ऑफसेट ३० मिलिमीटर. आता २८५/७० आर १७ टायर आहेत, रिम नऊ इंची, ऑफसेट शून्य. पुढची बाजू उचलायला दोन इंचांचा लेव्हलिंग स्पेसर (ठोकळा) आहे. फुल लॉक मारून, म्हणजे स्टिअरिंग टोकापर्यंत वळवून, रिव्हर्स घेताना खर्र आवाज येतो, आणि तो रिव्हर्समध्येच जास्त का, असं तुम्ही विचारलंय. वळणावर खड्डा आला की पुढच्या चाकाच्या मागच्या बाजूला काहीतरी आपटतं. मागे माल भरला की मागचं चाकही कुठेतरी टेकतं. आणि टायरवाला म्हणतोय, चार इंचांचा लिफ्ट (गाडी उंच करणारा संच) टाका, सगळं सुटेल.

सुटणार नाही. खर्च होईल, गाडी उंच दिसेल, आणि रिव्हर्स घेताना तोच आवाज पुन्हा येईल. कारण तुमच्या घासण्यातला बराच हिस्सा टायरच्या उंचीचा नाहीच, तो चाक बाहेर काढणाऱ्या रिमच्या ऑफसेटचा आहे. हे समजून घेतलंत तर पुढचे निर्णय सोपे होतात, म्हणून आधी थोडा हिशोब करू.

जुन्या टायरचा व्यास: रुंदी २६५ मिमी, साइडवॉल तिच्या ६५ टक्के, म्हणजे १७२ मिमी आणि वर थोडं. दोन्ही बाजूंचे मिळून ३४४.५, त्यात १७ इंची रिमचे ४३१.८ मिळवा, झाले सुमारे ७७६ मिमी. नव्याचा याच हिशोबाने ८३१ मिमी येतो. व्यासात ५५ मिमीचा फरक, पण चाकाच्या केंद्रापासून मोजलं तर तो निम्माच, म्हणजे सगळीकडे २७ मिमी. रुंदीत कागदावर २० मिमीचा फरक, म्हणजे आत १० आणि बाहेर १०. प्रत्यक्षात एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर सारखे भरत नाहीत. मड टायरच्या खांद्यावरचे ठोकळे बाहेर डोकावतात, आणि रिम अर्ध्या इंचाने रुंद झाली की टायर साधारण ५ मिमी फुगतो. म्हणून कागदावरच्या मापावर विसंबू नका, चढवलेल्या टायरवर पट्टी धरून मोजा.

आता ऑफसेट. रिमची हबला टेकणारी बैठक रिमच्या मध्यरेषेपासून किती बाहेरच्या बाजूला आहे, ते हे माप. रिमच्या आतल्या बाजूला ‘ईटी’ अक्षरांपुढे ते कोरलेलं असतं. आकडा जितका मोठा तितकं चाक गाडीच्या आत सरकतं. तुम्ही ३० वरून शून्यावर आलात, म्हणजे अख्खं चाक ३० मिमी बाहेर आलं. त्यात टायरची वाढलेली अर्धी रुंदी धरली की टायरचा बाहेरचा खांदा ४० मिमी बाहेर गेला. आतली बाजू मात्र १० मिमी आत येण्याऐवजी २० मिमी बाहेर गेली. आत वरच्या आर्मपासून, म्हणजे चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या वरच्या दांड्यापासून, एवढी जागा सोडायची गरज होती का? बहुतेक वेळा नसते. चाक मडगार्डच्या बाहेर डोकावलेलं दिसायला रुबाबदार वाटतं, एवढंच त्यामागचं कारण असतं.

बाहेर गेलेलं चाक घासतं का, तर स्टिअरिंग वळवल्यावर चाक स्वतःच्या मध्यावर फिरत नाही. ते आर्मच्या टोकांना असलेल्या वरच्या आणि खालच्या बॉल जॉइंटमधून (गोल सांध्यांमधून) जाणाऱ्या तिरक्या अक्षाभोवती फिरतं, आणि तो अक्ष चाकाच्या आतल्या बाजूला असतो. दरवाजा जितका रुंद तितकी उघडताना जागा जास्त लागते, तसंच हे आहे. चाक अक्षापासून जितकं लांब तितका त्याचा खांदा पुढेमागे मोठा फेरा घेतो. ३० अंशाच्या लॉकला ढोबळ हिशोब केला तर तुमच्या टायरचा बाहेरचा खांदा पूर्वीपेक्षा साधारण ४४ मिमी मागे पोचतो. त्यातले जेमतेम २४ मिमी टायर मोठा झाल्यामुळे, उरलेले २० खांदा बाहेर गेल्यामुळे. वळणाच्या आतल्या बाजूचं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त कोनात वळतं, त्यामुळे त्याच्या बाबतीत ऑफसेटचा वाटा आणखी वाढतो.

याच टायरला २५ ऑफसेटची आठ इंची रिम असती तर ४४ च्या जागी ३१ मिमी झाले असते. हे १३ मिमी फार वाटत नाहीत, पण घासणं आणि न घासणं यांत बहुतेक वेळा एवढंच अंतर असतं.

आता लिफ्टचा मुद्दा, कारण यातच सगळ्यात जास्त गैरसमज आहे. सस्पेन्शन लिफ्टने गाडी उभी असताना चाक आणि मडगार्ड यांतली पोकळी वाढते. पण खड्ड्यात आपटून सस्पेन्शन पूर्ण दबलं की खालचा आर्म चॅसीवरच्या बंप स्टॉपला टेकतो, आणि तो रबरी ठोकळा साध्या लिफ्टने हलत नाही. म्हणजे पूर्ण दाबाच्या क्षणी चाक जिथे पूर्वी पोचायचं तिथेच आताही पोचतं. लिफ्टमुळे तिथे जायला वेळ लागतो, जाण्याची वारंवारता कमी होते, रोजच्या रस्त्यावर आवाज ऐकू येत नाही. मालक खूश होतो. मग एक दिवस वेगात खड्डा येतो आणि टायर थेट पत्र्यावर बसतो. आणि फुल लॉकला मागे केबिनच्या कोपऱ्याशी घासणारं चाक तर उंचीने जवळजवळ सुटतच नाही, कारण ते अंतर पुढे-मागे आहे, वर-खाली नाही.

बॉडी लिफ्ट ही वेगळी गोष्ट. त्यात चॅसी आणि बॉडी यांच्या मध्ये ठोकळे बसवून बॉडीच वर उचलतात, त्यामुळे मडगार्ड खरोखरच चाकापासून दूर जातं, पूर्ण दाबातही. पण त्याबरोबर स्टिअरिंगचा दांडा, रेडिएटरच्या पंख्याचं कवच, डिझेल भरायच्या नळीची लांबी, बंपरचे ब्रॅकेट असं बरंच काही जुळवावं लागतं. आणि केबिनचे खालचे ब्रॅकेट चॅसीवरच राहतात, म्हणजे तिथलं घासणं तसंच. निव्वळ टायरसाठी मी तो सुचवत नाही.

तर सुरुवात निदानापासून. घासतंय कुठे, आणि कोणत्या स्थितीत, हे दोन्ही कळल्याशिवाय पाना उचलू नका. आवाजावरून अंदाज बांधू नका, केबिनमध्ये बसून ऐकलं की तो नेहमी चुकीच्या कोपऱ्यातून आल्यासारखा वाटतो.

चाकाच्या पोकळीत टॉर्च मारून बघा. जिथे घासतं तिथे प्लास्टिकवर काळी चकाकी येते, पत्र्यावर रंग उडालेला असतो, टायरच्या खांद्यावर एखादी गुळगुळीत पट्टी दिसते. मग टायरच्या दोन्ही खांद्यांवर, आतल्या आणि बाहेरच्या, खडू जाड फासा. सपाट जागी सावकाश पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, पुढे आणि मागे गाडी फिरवा. खडू कुठून पुसला गेला आणि कुठे लागला ते बघा. प्रत्येक फेरीनंतर खडूचा रंग बदलला तर कोणत्या हालचालीत लागलं तेही कळतं.

यात एक नियम लक्षात ठेवा. डावं चाक डावीकडे वळताना त्याचा बाहेरचा खांदा मागे जातो, म्हणजे केबिनच्या कोपऱ्याकडे. उजवीकडे वळताना तोच खांदा पुढे जातो, बंपरच्या कोपऱ्याकडे. उजव्या चाकाचं याच्या उलट. वळणाच्या आतल्या बाजूचं चाक जास्त कोनात वळतं, म्हणून मागचा कोपरा सहसा आधी लागतो. आणि दोन्ही चाकांच्या आतल्या खांद्यांवर खूण दिसली, चॅसीवर किंवा स्टॅबिलायझर बारवर, तर प्रकरण वेगळं आहे. तिथे चाक बाहेर काढायचं असतं, तुमच्यासारखं आत घ्यायचं नसतं.

रिव्हर्समध्येच जास्त का घासतं, हा तुमचा प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर आर्मच्या रबरी बुशांत आहे. पुढे जाताना ब्रेक दाबला की जमीन चाकाला मागे ढकलते, बुश थोडे दबतात, चाक काही मिलिमीटर मागे सरकतं आणि नाकही खाली जातं. रिव्हर्समध्ये ब्रेक लागला की उलटं होतं, चाक पुढे सरकतं. म्हणून रिव्हर्सचा आवाज बहुधा बंपरच्या मागच्या प्लास्टिकचा किंवा लायनरच्या (चाकाच्या पोकळीतल्या प्लास्टिकच्या अस्तराच्या) पुढच्या कडेचा असतो, तर पुढे जाताना वळणावरच्या खड्ड्यातला दणका मागच्या कोपऱ्याचा. तुमच्याकडे दोन्ही आहेत, म्हणजे दोन वेगळ्या जागा आहेत, एका उपायाने दोन्ही जाणार नाहीत. बुश जुने, चिरलेले असतील तर हे सरकणं आणखी वाढतं. लांब पहारीने आर्म हलवून बघा. बुश गेलेले असतील तर आधी ते बदला, बाकी सगळं त्यानंतर.

सपाट जागेवरची चाचणी अर्धीच. खरी चाचणी दबलेल्या सस्पेन्शनवर. सोपा प्रकार म्हणजे एक पुढचं चाक आणि त्याच्या तिरक्या समोरचं मागचं चाक भक्कम ठोकळ्यांवर चढवून, तिथे स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवणं. लायनरवर मऊ मातीचे गोळे चिकटवा, टायर जवळ आला की ते चपटे होतात आणि उरलेली जाडी पट्टीने मोजता येते. आवाज न येणाऱ्या पण येऊ पाहणाऱ्या जागा यातूनच सापडतात. स्टिअरिंग फिरवायला आत माणूस बसलेला असताना हात पोकळीत घालू नका, आणि गाडी नुसत्या जॅकवर कधीच ठेवू नका. स्टँड लावा, उरलेल्या चाकांना अडण्या लावा.

पक्की चाचणी हवी असेल तर पुढचा शॉकअप स्प्रिंगसकट काढायचा आणि खालच्या आर्मखाली जॅक लावून चाक बंप स्टॉपला टेकेपर्यंत वर न्यायचं. गाडी अर्थात स्टँडवर. तिथे हळूहळू लॉक ते लॉक फिरवा. जे काही लागायचं ते इथे लागतं, आणि लिफ्ट असली नसली तरी चित्र तेच दिसतं. टायरवाल्याला हे समोर दाखवलंत की चार इंचांचा आग्रह तिथेच संपेल. हे काम अर्ध्या दिवसाचं आहे आणि माझ्या मते ऑफरोडला जाणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी करावं.

आता उपाय. बिनखर्चिक आणि परत फिरवता येण्याजोगे आधी, कापाकापी शेवटी.

पुढचे मडफ्लॅप काढा. बऱ्याच गाड्यांत निम्मा आवाज फ्लॅपचा आणि त्याच्या स्क्रूचा असतो. स्क्रूचं टोक आत आलेलं असेल तर ते टायर कापतं, म्हणून ते आधी बघा.

मग अलाइनमेंट. लेव्हलिंग स्पेसर टाकल्यावर आर्मचे कोन बदलतात आणि कॅस्टर, म्हणजे बाजूने बघताना स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन, बहुधा कमी होतो. स्पेसरनंतर अलाइनमेंट केलंय का, हे तुम्ही लिहिलं नाही. नसेल केलं तर तुमच्या प्रश्नाचा एक तुकडा इथेच सुटू शकतो. खालच्या आर्मला जर फिरवता येणारे कॅम बोल्ट असतील तर खालचा बॉल जॉइंट पुढे ढकलून कॅस्टर वाढवता येतो, आणि चाक खालच्या बॉल जॉइंटबरोबरच पुढे सरकतं, केबिनच्या कोपऱ्यापासून दूर. ५ ते १० मिमी मिळू शकतात. अलाइनमेंटवाल्याला नुसतं ‘करून द्या’ म्हणू नका. त्याचं यंत्र आकडा हिरव्या पट्ट्यात आला की थांबायला सांगतं, आणि त्या पट्ट्याच्या खालच्या टोकालाही तो हिरवाच असतो. त्याला सांगा, कॅस्टर मर्यादेत राहून जास्तीत जास्त द्या, दोन्ही बाजूंतला फरक अर्ध्या अंशाच्या आत ठेवा, आणि तो वरून नाही, खालून मिळवा. वरचा आर्म मागे ओढूनही कॅस्टरचा आकडा वाढतो, पण चाक जागचं हलत नाही. बाहेर मिळणारे बदली वरचे आर्म यासाठीच उपयोगी पडतात. कॅस्टरचा आकडा ते सांभाळतात, आणि खालचे कॅम मग मोकळेपणाने चाक पुढे न्यायला वापरता येतात. जुन्या गाडीचे कॅम बोल्ट बुशच्या नळीत गंजून बसलेले असतात. आधल्या दिवशी गंजतेल मारून ठेवा.

चाक पुढे गेलं की बंपरकडची जागा कमी होणार, हे उघड आहे. पण तिथे प्लास्टिक आहे, मागे लोखंड आहे. सौदा फायद्याचा.

प्लास्टिकचं काम घरीही करता येतं. लायनरच्या क्लिपा काढून मागे काय आहे ते आधी बघा. वायरिंगचा गुच्छ, काच धुण्याच्या पाण्याची टाकी, हॉर्न, यांपैकी काहीतरी असतंच. जागा मोकळी असेल तर लायनर मागे ओढून केबल टायने किंवा रुंद डोक्याच्या स्क्रूने नव्या जागी बांधा. स्क्रूचं डोकं टायरकडे आणि चपटं असावं, टोक पलीकडे. जास्त जागा हवी असेल तर हीट गनने प्लास्टिक तापवा. पृष्ठभागावर ओलसर चमक आली की ते मऊ झालं असं समजा, जाड हातमोजे घालून लाकडी ठोकळ्याने दाबा आणि गार होईपर्यंत दाबूनच ठेवा. सोडलंत तर परत येतं. एकाच जागी गन धरली तर भोक पडतं. बंपरचा खालचा कोपरा थोडा कापावा लागला तर कागदी पट्टी चिकटवून, दोन्ही बाजूंना सारखी रेघ मारून बारीक दाताच्या करवतीने कापा. ग्राइंडरने प्लास्टिक वितळतं आणि कड खराब येते.

एवढ्याने रिव्हर्सचा आवाज जायला हवा. मागच्या कोपऱ्याचा दणका कदाचित राहील.

तिथे दोन गोष्टी असतात. लायनरच्या मागे केबिनचे दोन पत्रे एकमेकांवर ठेवून जोडलेली उभी पाकळी असते. ती थेट टायरच्या वाटेत येते आणि तिची कड धारदार असते. ती हातोड्याने मागे चपटी करतात. नुसती ठोकली तर तिला सुरकुत्या पडतात, म्हणून आधी दोनतीन जागी उभ्या चिरा देऊन मग दुमडलेली बरी. यानंतरचं काम लोक टाळतात आणि पुढे पस्तावतात: रंग आणि जोडावरचं सीलर तडकलेलं असतं, तिथून पाणी केबिनच्या गालिच्याखाली शिरतं. उघडा पत्रा घासा, गंजरोधक प्रायमर मारा, सीलर भरा, वर रंग द्या, मग लायनर लावा.

दुसरी गोष्ट म्हणजे केबिन ज्यावर टेकते तो चॅसीवरचा ब्रॅकेट, कॅब माउंट. त्याचा पुढचा बाहेरचा कोपरा कापून, उघड्या तोंडावर पट्टी वेल्ड करून बंद करण्याची पद्धत आहे. चांगली झाली तर कायमचा इलाज. पण हा ब्रॅकेट केबिनचं वजन आणि अपघातातला धक्का घेतो. त्यामुळे कापून उघडा ठेवणं मला मान्य नाही, आणि बुशच्या वाटीपर्यंत करवत नेणं तर अजिबात नाही. चॅसीचं वेल्डिंग ज्याला येतं त्याच्याकडूनच करून घ्या. बॅटरीच्या तारा काढा, जवळच्या ब्रेकच्या आणि डिझेलच्या नळ्या झाका, केबिनमधला गालिचा मागे करा, आग विझवायचं साधन हाताशी ठेवा. आणि चॅसीला हात लावण्याआधी तुमच्याकडच्या नोंदणीच्या आणि विम्याच्या अटी वाचा. चाक मडगार्डच्या बाहेर किती चालतं, हेही त्यातच बघून घ्या.

तुमच्या जागी मी असतो तर इथपर्यंत पोचण्याआधी रिम बदलली असती. आठ किंवा साडेआठ इंची, ऑफसेट २० ते २५. शून्य ऑफसेटच्या रिमला गिऱ्हाईक पटकन मिळतं. घेण्याआधी टायर आणि वरच्या आर्ममध्ये, बॉल जॉइंटच्या उंचीवर, आता किती पोकळी आहे ते मोजा. २५ ऑफसेट म्हणजे टायर आताच्यापेक्षा २५ मिमी आत जाणार, आणि नंतर निदान बोटाच्या जाडीइतकी जागा उरली पाहिजे. नवी रिम आली की नट तिच्या बैठकीला जुळतात का तेही तपासा, कोनाची बैठक आणि गोल बैठक यांचे नट वेगळे असतात. कसताना टॉर्क पाना वापरा, आणि ८०-१०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा पाना लावा.

ऑफसेट आत घेतल्याने घासणंच कमी होतं असं नाही. चाक बाहेर गेलं की हबच्या बेअरिंगवर आणि बॉल जॉइंटवर तरफेसारखा भार वाढतो, खड्ड्यात स्टिअरिंग हातातून ओढलं जातं, एका चाकाखाली ओलं आणि दुसऱ्याखाली कोरडं असताना ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला खेचते. हे सगळं तुम्ही सध्या सहन करत असणार, फक्त ते टायर मोठा असल्यामुळे होतंय असं वाटत असेल.

व्हील स्पेसरबद्दल कोणीतरी सुचवेलच. ते चाक आणखी बाहेर काढतात. तुमच्या बाबतीत म्हणजे रोगच वाढवणं.

स्टिअरिंगचा लॉक कमी करणं हा एक झटपट उपाय. काही गाड्यांना लॉकचे बोल्ट असतात, त्यांखाली वॉशर घालतात. स्टिअरिंग रॅक (आडवा दातेरी दांडा) असलेल्या गाड्यांना रॅकच्या टोकाशी बसणारे अडथळे मिळतात. आवाज जातो, पण गाडी वळायला जागा जास्त लागते. मोठ्या पिकअपला ती आधीच जास्त लागते. फक्त शेवटचे तीनचार मिलिमीटर उरले असतील आणि चॅसी कापायची नसेल, तेवढ्यापुरतं ठीक.

खड्ड्यातला दणका वरून, म्हणजे मडगार्डच्या छतावरून येत असेल तर लांब बंप स्टॉप लावा. इथे खरोखर चाकाचा वरचा प्रवास थांबतो, जे लिफ्टने होत नाही. बदल्यात गाडी आपटल्यावर जरा कडक वाटते. टायरचा माथा २७ मिमी जास्त वर जातोय, पण ठोकळा आर्मवर चाकापेक्षा आत टेकतो, म्हणून त्याहून कमी वाढवला तरी हिशोब जुळतो.

मागच्या चाकाचं प्रकरण साधं. ते वळत नाही. माल भरल्यावर पाटे सरळ होतात, सरळ झाले की लांब होतात, आणि मागचं टोक शॅकलवर (झुलत्या कडीवर) झुलत असल्याने अ‍ॅक्सल वर जाता जाता थोडा मागेही सरकतो. म्हणून खूण बहुतेक चाकाच्या पोकळीच्या मागच्या अर्ध्या भागात, मडफ्लॅपवर किंवा मडगार्डच्या आत वळलेल्या ओठावर सापडेल. फ्लॅप मागे सरकवा, ओठ रोलरने आतून चपटा करून घ्या. पाटे थकून उलटे वाकलेले असतील तर एक पाटा वाढवा किंवा नवा संच घाला. तो खर्च टायरसाठी नाही, मालासाठी आहे. आतल्या साइडवॉलवर पाट्याची खूण आहे का, तेवढं मात्र बघा. शून्य ऑफसेटवर ती नसणार, रिम बदलल्यावर पुन्हा तपासा.

किती घासलेलं चालतं? अगदी सावकाश, फुल लॉकला, ट्रेडची कड मऊ लायनरला पुसटशी लागत असेल तर मी गाडी चालवत राहीन. साइडवॉल लोखंडाला लागत असेल तर एक दिवसही नाही. ट्रेडखाली पोलादी पट्टे असतात. साइडवॉलमध्ये फक्त धाग्यांचे थर असतात, आणि तिथला काप दुरुस्त होत नाही. धागा दिसला की टायर गेला. ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर यांना टायर कुठल्याही स्थितीत लागता कामा नये, पूर्ण लॉक आणि पूर्ण दाब एकत्र असतानाही. लेव्हलिंगनंतर चाक खाली लोंबतं तेव्हा होज ताणला जातो का, तेही बघा.

आणखी एक, टायरशी संबंधित पण घासण्याशी नाही. व्यास सात टक्क्यांनी वाढलाय, म्हणजे काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी पूर्वी काटा १०० वर असताना जेवढी धावायची त्याच्या सात टक्के जास्त धावते. ब्रेक लागायलाही थोडं जास्त अंतर लागतं. काटा जुळवून घेण्याची सोय गाडीत असेल तर करून घ्या. स्टेपनी नव्या मापाची असावी आणि ती मागे खालच्या जागेत मावते का हे आजच बघा, रस्त्यात पंक्चर झाल्यावर नाही.

आणि गाडी आठवड्यातले बहुतेक दिवस मालच वाहत असेल तर २८५ चा हट्ट सोडा. २६५/७० आर १७ चा व्यास ८०३ मिमी येतो, जुन्यापेक्षा २७ मिमी जास्त, केंद्रापासून फक्त १३. मूळच्या ऑफसेटजवळच्या रिमवर तो बहुतेक पिकअपमध्ये मडफ्लॅप काढून आणि लायनर जरा मागे घेऊन बसतो. हातोडा लागत नाही. २८५ च ठेवायचे असतील तर खडू, बुश, फ्लॅप, अलाइनमेंट, प्लास्टिक या क्रमाने जा, आणि प्रत्येक पायरीनंतर तिरक्या ठोकळ्यांवरची चाचणी पुन्हा करा. मागच्या कोपऱ्यात किती मिलिमीटर उरतात ते डाव्या आणि उजव्या चाकाचं वेगवेगळं लिहून पाठवा, दोन्ही बाजू क्वचितच सारख्या असतात. मग रिम बदलायची की पाकळी ठोकायची ते सांगता येईल.